निरास आणि निराशा

‘भ्रमनिरास’ हा शब्द मराठीत रडवेल्या सुरात उच्चारला जातो. वास्तविक निरास म्हणजे निवारण, दूर सारणे. वेदान्ताच्या भाषेत भ्रमाचा निरास झाला की ज्ञान झाले. साप गेला, दोरी दिसली, यात शोक करावा असे काही नाही. पण बोलण्यात ‘निरास’ला ‘निराशा’ कधी चिकटली ते कळले नाही, आणि आता राजकारणावरून मन उडालेला तरुण म्हटला की खांदे पाडून बसलेला एक मुलगा डोळ्यांपुढे येतो. या लेखाला त्या मुलाच्या दुःखापेक्षा दुसऱ्या दिवसाबद्दल जास्त कुतूहल आहे. साप नाही हे कळल्यावर तो दोरीकडे नीट पाहतो, की घरात सगळीकडे सापच आहेत असे ठरवून दार लावून घेतो, की चांगला साप शोधायला निघतो? महाराष्ट्रात गेल्या दीडशे वर्षांत तिन्ही प्रकार घडले आहेत आणि त्यांचे परिणामही आपल्यापुढे आहेत. ते पाहता एक गोष्ट मला बरीचशी स्पष्ट दिसते. भ्रमनिरासातून सत्याचा शोध आपोआप सुरू होत नाही. निराश झालेल्या माणसाने आपले नवे मतही खोटे ठरू शकेल अशा ठिकाणी नेऊन तपासले, तेव्हाच तो सुरू झाला. बाकीच्यांनी जुना भ्रम टाकून नवा घेतला, एवढेच.

आधी आजचे पाहू. ज्याने २०१९ मध्ये विधानसभेसाठी पहिले मत दिले, त्याने पुढच्या पाच वर्षांत काय पाहिले? २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाटेची शपथ, पाच दिवसांनी शिवाजी पार्कवरची दुसरी शपथ, जून २०२२ मध्ये शिवसेनेतली फूट, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीतली फूट. एकाच विधानसभेच्या मुदतीत राज्यातले चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले. मतदाराने कोणालाही मत दिलेले असो, ज्याच्या विरोधात दिले त्याच्याही मांडीला मांडी लावून आपला माणूस बसलेला त्याला दिसला. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. एक तृतीयांश आमदार फुटले तर चालेल ही त्यातली पळवाट २००३ मध्ये बुजवली, तरी हे झाले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. म्हणजे नळाच्या पाण्याबद्दल ज्याला जाब विचारायचा तो नगरसेवकच नव्हता. याच काळात सरकारी भरतीचे जे झाले ते तरुणांना पक्षफुटीपेक्षाही जास्त लागले असावे. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा ऐन वेळी रद्द झाली, शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे उघड झाले. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलाची निराशा विचारसरणीची नाही. नियम ठरलेले आहेत आणि ते सगळ्यांना सारखे लागू होतात, या अगदी साध्या समजुतीला तडा गेला, ही ती निराशा आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी देशात १८-१९ वयाच्या सुमारे १.८ कोटी मतदारांची नोंद झाली होती. त्या वयाच्या अंदाजे लोकसंख्येशी ताडून पाहिले तर हे प्रमाण निम्म्याहून कमी भरते. या आकड्यावरून ‘तरुणांनी लोकशाहीकडे पाठ फिरवली’ असे अग्रलेख लिहिता येतात, पण मला तशी घाई करावीशी वाटत नाही. गाव एकीकडे, वसतिगृह दुसरीकडे, आधारकार्डावर तिसराच पत्ता, असे असलेल्या मुलाची नोंदणी राहते ती दर वेळी वैराग्यामुळे राहते असे नाही. ‘नोटा’चेही तसेच. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘वरीलपैकी कोणी नाही’ला २७ हजारांवर मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आले. बातमी देशभर गाजली. पण त्या मतांत मतदारांचा उद्वेग किती आणि जागावाटपातली नाराजी व स्थानिक डावपेच किती, यावरून तिथे तेव्हाच आरोप-प्रत्यारोप झाले होते. निषेधाचे बटणसुद्धा कोणीतरी दाबायला लावू शकते, हे ‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे. ‘सगळे सारखेच’ हे वाक्य अनुभवातून आल्यासारखे वाटते खरे, पण त्यात एक सोय आहे. ते एकदा म्हटले की कोणाचाही कारभार तपासावा लागत नाही. आंधळ्या भक्ताचा आळस आणि सर्वांना तुच्छ लेखणाऱ्याचा आळस यांत फार अंतर नसते.

आपल्याकडे ‘सत्यशोधक’ हा शब्दच मुळात सार्वजनिक चळवळीचा आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी समाज काढला, त्याचे हे नाव. सत्य डोंगरावर किंवा गुहेत शोधायचे नसून लग्नाच्या मांडवात, शाळेच्या हजेरीपटात आणि शेतसाऱ्याच्या पावतीत शोधायचे आहे, असा त्या नावाचा रोख होता. त्याच पुण्यात आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले ते १८८७ मध्ये, वय अवघे एकतीस. ज्यांच्याबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले त्या टिळकांशीच मतभेद विकोपाला गेले होते. पुढच्या वर्षी ‘सुधारक’ निघाला. विसाव्या शतकात केशवराव जेधे काँग्रेसला विटून १९४८ च्या सुमारास शेतकरी कामगार पक्षात गेले आणि १९५४ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये आले. जेध्यांची निष्ठा खोटी नव्हती, पण पक्षाचे दुखणे पक्ष बदलून बरे होत नाही याचे ते एक लवकरचे उदाहरण म्हणता येईल. पुढे ते इतके वाढले की उदाहरण राहिलेच नाही, रीत झाली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे निराशेने दोन टोकाची वळणे घेतली आणि दोन्हींत मराठी माणसे होती. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचा १९४६ च्या निवडणुकीत धुव्वा उडाला आणि डिसेंबर १९४८ मध्ये पक्षाने स्वतःलाच विसर्जित केले. सत्तेसाठी भांडणारा पक्ष माणसाच्या विवेकाला मारक ठरतो, हा त्यामागचा विचार. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि सासवडचे वि. म. तारकुंडे ही याच गोटातली माणसे. दुसरे वळण अच्युतराव पटवर्धनांचे. नगरचा हा समाजवादी १९४२ मध्ये भूमिगत राहून सातारा भागात लढला, पोलिसांच्या हाती कधी लागला नाही. १९५० मध्ये मात्र त्यांनी राजकारण सोडले, बनारसला शिकवत राहिले आणि जे. कृष्णमूर्तींच्या विचारात रमले. पटवर्धनांची निवड पळपुटी होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. इतका निर्भय माणूस पळाला तरी कशापासून? पण त्यांना जे उमगले ते त्यांच्यापाशीच राहिले. दुसऱ्याला ते पडताळून पाहता येईल असा रस्ता त्यातून निघाला नाही. तारकुंड्यांचा निघाला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने नागरी हक्कांची जी संघटना उभी राहिली तिची धुरा त्यांनी वाहिली. त्याच संघटनेच्या याचिकेवर मार्च २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरचे गुन्हे जाणण्याचा मतदाराचा हक्क कायम केला. ‘नोटा’चे बटणही २०१३ मध्ये तिच्याच याचिकेतून आले. पक्ष मोडलेल्या माणसांची परंपरा फिरत फिरत मतदानयंत्रापर्यंत पोचली ती अशी.

पण या विषयाचा खरा ऐवज १९७० च्या आसपासच्या दशकात आहे. तेव्हा विशी-तिशीत असलेल्या पिढीला एकदम तीन-चार देव्हारे रिकामे दिसले. काँग्रेसचा समाजवाद कारखान्यांच्या संचालक मंडळांत अडकला होता, समाजवादी पक्ष फुटून जुळून पुन्हा फुटत होते, कम्युनिस्टांची दोन शकले झाली होती, आणि १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष गटातटांत विरला होता. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर काढली. पँथरचे नाव घेतले की भाषेचा दाहकपणा आठवतो, ढाल्यांचा ‘साधना’तला स्वातंत्र्यदिनाविषयीचा लेख आणि त्यावरचे वादळ आठवते. त्या भाषेखाली अत्याचारांच्या नोंदी होत्या हे मात्र विसरले जाते. अस्पृश्यतेच्या पाहणीसाठी नेमलेल्या इलायापेरुमल समितीचा अहवाल १९६९ मध्ये आला आणि संसदेपुढे पडून राहिला. परभणी जिल्ह्यातले ब्राह्मणगाव, पुणे जिल्ह्यातले बावडा ही नावे वर्तमानपत्रांत येऊन विरून जात होती. पँथरच्या पोरांनी ही नावे विरू दिली नाहीत. अत्याचाराच्या गावी जाणे, घडलेले समजून घेणे, त्याचा जाब मागणे हा त्यांच्या कामाचा गाभा होता. १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली आणि त्याच वर्षी संघटना फुटली; मार्क्स की बुद्ध हा वाद त्यात मोठा होता. एक तिरकस निरीक्षण नोंदवतो: गावात काय घडले यावर त्यांच्यात फूट पडली नव्हती, जगाचा अर्थ काय यावर पडली.

शहाद्याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या या तालुक्यात भिलांच्या जमिनी गहाण, खंड आणि सावकारी कागदांतून गुजर शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या, आणि त्याच जमिनीवर मूळ मालक सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग सुरतवंती हे स्थानिक आदिवासी पुढारी सर्वोदयी मार्गाने काम करत होते. तिथे पुण्या-मुंबईची ‘मागोवा’ गटातली मार्क्सवादी पोरे पोचली. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले कुमार शिराळकर त्यांतले एक. १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. या पोरांनी आणलेली पुस्तके शहाद्यात फारशी उपयोगी पडली नसावीत. सातबारा वाचता येणे, फेरफार कोणत्या साली आणि कोणाच्या अंगठ्यावर झाला हे तलाठ्याकडून काढणे, सालदाराला ठरलेली मजुरी आणि मिळालेली मजुरी यांतला फरक मांडणे, हे उपयोगी पडले. जमीनदार असा आणि मजूर तसा हे शहरात बसून ठरवलेले चित्र तिथल्या एकेका कागदाने दुरुस्त होत गेले. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचे १९७४ चे कायदे झाले. त्यांची अंमलबजावणी अर्धीमुर्धी झाली, पण मागणी हवेतली आहे असे म्हणण्याची सोय सरकारला उरली नव्हती.

याच पिढीतल्या अनिल अवचटांचा रस्ता वेगळा. डॉक्टरकी, युवक क्रांती दल (युक्रांद), ‘पूर्णिया’ हे १९६९ चे बिहारवरचे पुस्तक, आणि मग हमाल, विडी कामगार, देवदासी यांच्यात जाऊन लिहिणे. चळवळीच्या घोषणेत न मावणारे तपशील त्यांनी टिपले आणि त्याची किंमत म्हणून ‘पण उपाय काय?’ हा प्रश्न आयुष्यभर ऐकला. डॉ. अभय बंग यांनी रोजगार हमीच्या किमान मजुरीचा हिशेब तपासला. मजुराच्या शरीराला किती उष्मांक लागतात, घरात किती तोंडे असतात, या आकड्यांतच सरकारी समितीची गफलत होती. ४ रुपयांच्या जागी १२ रुपयांच्या आसपास दर हवा, हे त्यांनी मांडले आणि पुढे दर वाढवावे लागले. मोर्च्यात ‘मजुरी वाढलीच पाहिजे’ ही घोषणा वर्षानुवर्षे दिली जात होती. हिशेबाने तिला उत्तर देणे भाग पाडले. नंतर गडचिरोलीत राणी बंग यांच्यासह केलेल्या कामात ३९ गावांतला नवजात बालमृत्युदर हजारी ६२ वरून २६ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि घरी जाऊन बाळाची देखभाल करण्याची ती पद्धत आज देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग आहे.

आता याच्या शेजारी दोन मोठ्या लाटा ठेवून पाहाव्यात. ५ जून १९७४ ला पाटण्यात जयप्रकाशांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. आणीबाणी आली, गेली, १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि जुलै १९७९ मध्ये कोसळले. त्या आंदोलनातले विद्यार्थी पुढारी पुढे बिहारचे मुख्यमंत्री झाले, त्यांतल्या एकाला चारा घोटाळ्यात शिक्षाही झाली. तिथेच, निवडणूक लढवायची नाही असे ठरवलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या तरुणांनी १९७८ पासून बोधगयेच्या मठाच्या हजारो एकर जमिनीचा प्रश्न धरला, आणि शेवटी जी जमीन वाटली गेली तिच्यातली बरीच बायकांच्या नावावर झाली. २०११ च्या लोकपाल आंदोलनाच्या लाटेत तर धरायला जमीनही नव्हती. भ्रष्टाचार वाईट, यावर कोणाचे दुमत असणार? ऑगस्टमध्ये रामलीला मैदान ओसंडून वाहत होते आणि डिसेंबरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर अण्णा हजाऱ्यांचे उपोषण तुरळक गर्दीत दुसऱ्याच दिवशी संपले. कायदा २०१३ मध्ये झाला, पहिले लोकपाल नेमायला २०१९ उजाडले. मधल्या काळात मेणबत्त्या घेऊन उभे राहिलेल्या किती जणांनी ती नेमणूक कुठे अडली ते विचारले असेल? याच अण्णांच्या आंदोलनाने महाराष्ट्रात २००२ चा माहिती अधिकार कायदा येण्याला जोर दिला होता. त्या कायद्याची जागा २००५ मध्ये केंद्रीय कायद्याने घेतली, पण माहितीचा तो हक्क एका साध्या अर्जावर चालतो आणि म्हणून अजून चालतो.

यावर आक्षेप येणार, आणि ते हलके नाहीत. पहिला: गडचिरोलीला जाणे, शहाद्यात दहा वर्षे काढणे हे पाठीशी घर असलेल्यांना परवडते. ज्याच्या बापाने शेत गहाण टाकून त्याला पुण्याला पाठवले, त्याने काय करावे? यात तथ्य आहे, पण अर्धे. पँथरचे तरुण सुखवस्तू नव्हते. झोपडपट्टीत आणि चाळीत वाढलेले, टॅक्सी चालवणारे, किरकोळ नोकऱ्या करणारे होते. आणि २०२१ चे भरती घोटाळे उजेडात आणण्यात परीक्षार्थींचाच वाटा मोठा होता. फुटलेल्या पेपरचे फोटो, वेळा, बैठक क्रमांक त्यांनी जुळवले आणि तक्रारी केल्या. ‘सगळेच विकले गेलेत’ म्हणून ते थांबले असते तर गुन्हा दाखल व्हायलाही आधार मिळाला नसता. त्यांना आदर्शवादी कोणी म्हणणार नाही. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, आणि सत्यशोधाला तेही कारण पुरते.

दुसरा आक्षेप जास्त कडवा आहे: तथ्यांनी सत्ता हलत नाही. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र आज कोणालाही वाचता येते, त्यावर गुन्ह्यांची यादी असते, आणि तरी तो निवडून येतो. मग वीस वर्षे लढून मिळवले काय? हे मान्यच करायला हवे. माहिती मिळाली म्हणजे माणसे तिच्याप्रमाणे वागतात, हाही एक भ्रमच होता आणि त्याचा निरास झाला ते बरे झाले. मतदार गुन्ह्यांची यादी वाचतो, आणि आपली फाइल कोण पुढे सरकवेल हेही पाहतो. त्याचे गणित त्याच्या परीने बरोबर असते. म्हणूनच नुसता शोध पुरत नाही, तो घेऊन पुन्हा राजकारणात यावे लागते. शहाद्याचा सातबारा संघटनेशिवाय कागदच राहिला असता. पण याचे उलटेही खरे आहे आणि ते कार्यकर्त्यांना ऐकवत नाही: कागद नसलेली संघटना लवकरच नेत्याच्या वाढदिवसाचे फलक लावू लागते.

तिसरा आक्षेप पटवर्धनांच्या बाजूचा. सत्य म्हणजे काय केवळ मोजमाप? मी कोण, मला राग का येतो, माझ्या न्यायप्रेमात मत्सर किती, हे कोणत्या सातबाऱ्यावर सापडणार? प्रश्न खरा आहे. चळवळीतल्या माणसांनी तो टाळल्याची किंमत फुटीच्या रूपाने मोजली आहे. पण आज राजकारणाला कंटाळलेल्या तरुणाला अंतर्मुखतेच्या नावाखाली जे विकले जाते ते पटवर्धनांचे नाही. तिथे पुन्हा गुरू असतो, पुन्हा गर्दी असते, पुन्हा प्रश्न विचारण्याची बंदी असते, फक्त झेंड्याचा रंग बदलतो. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर याच मुद्द्यावर आयुष्यभर बोलत होते आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. तपासून पाहा, एवढेच त्यांचे सांगणे होते.

राहता राहिली एक गोष्ट, जिच्याबद्दल या सगळ्या चर्चेत कमी बोलले जाते. जुन्या पिढ्यांना राजकारण आधी लहान आकारात भेटत होते: सेवादलाची शाखा, गिरणीतली युनियन, कॉलेजची निवडणूक. तिथे आपला मित्र मते विकताना दिसायचा, आपणही एखादे खोटे आश्वासन देऊन बसायचो, आणि एकोणिसाव्या वर्षी झालेला तो भ्रमनिरास स्वस्तात पडायचा. महाराष्ट्रात १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी पुढाऱ्याचा खून झाला, कॉलेजच्या निवडणुकांतली मारामारी असह्य झाली आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर नेमणुकीची पद्धत आणली. हिंसा थांबवायला हवीच होती. पण त्यामुळे पुढच्या दोन-तीन पिढ्यांना राजकारण भेटले ते एकदम पडद्यावर: चर्चेतला आरडाओरडा, पहाटेच्या शपथा, मोबाइलवरचे अर्धे कापलेले भाषण. पडद्यावरच्या राजकारणाचा भ्रमही मोठा असतो आणि निरासही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका पुन्हा आल्या. २०१९ मध्ये त्यांची तयारी झाली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. कायद्यातले कलम तसेच आहे. वसतिगृहाच्या खानावळीचा ठेका कोणाला आणि का दिला, हे विचारायला निवडून आलेला प्रतिनिधी मात्र बहुतेक कॉलेजांत अजून नाही.